पायपाठ

ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार. टेबलावर नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार पहारेकरी :
मिठाची बरणी, माझा मग, टॉर्च,
आणि सुपीरियरच्या काठावरून कधीतरी उचललेला
मधोमध पांढरा पट्टा असलेला गोटा.
शनिवारी निघायचं. एकच रात्र.
तिघं आम्ही : माझा भाऊ आर्वो, त्याचा नातू एमेट,
आणि मी, जिचा डावा गुडघा
चढाला कुरकुरतो आणि उताराला रडतो.

एमेटला कड्यांवरची वाट हवी.
एकवीस मैल. खाली सरोवर, वर काहीच नाही.
चौदाव्या वर्षी माणसाला
वर काहीच नसलेलं आवडतं.
मी म्हटलं, वारा तंबूसकट उचलून
कॅनडात नेऊन ठेवेल, तिथे पासपोर्ट मागतील.
तो हसला नाही.
‘आहे माझ्याकडे,’ म्हणाला.

मेपलच्या धारेवरची वाट मीच सुचवली, मीच खोडली.
या आठवड्यात तिथे पानांपेक्षा माणसं जास्त,
गाडी लावायला पहाटे पाचपासून हमरीतुमरी.
शिवाय वर पाण्याचा थेंब नाही,
आणि पाणी पाठीवरून न्यायचं
तर आधी पाठ कुठून आणायची?

राहिली खाणीकडची.
तांबं संपून शंभर वर्षं झाली, वाट तेवढी उरली.
नदीकाठानं सहा मैल, हेमलॉकच्या सावलीतून,
शेवटी तीन भिंतींचा लाकडी निवारा.
रेंजरबाई फोनवर म्हणाल्या,
वसंतात पूल वाहून गेलाय,
पण पाणी घोट्याइतकंच आहे. गार आहे, एवढंच.

आर्वो दातांत साखरेचा खडा धरून
बशीतून कॉफी पीत होता, आमच्या आजोबांसारखा.
बशी खाली ठेवून त्यानं नकाशावर बोट टेकवलं.
‘हा पूल. पुढे डावीकडे वीज पडलेला बर्च.
मग घसरडा उतार, आयली, तुझ्या गुडघ्याला सांगून ठेव.
आणि हा इथे झरा. कध्धी आटत नाही.’

मी वाकून पाहिलं.
बोट सरोवरात होतं.
किनाऱ्यापासून चांगलं दोन मैल आत,
नुसत्या निळ्यात,
आणि तिथे उभा राहून तो आम्हाला
झऱ्याचं पाणी पाजत होता.

मी तोंड उघडलं.
एमेटनं मिठाची बरणी उचलली.
गोटा सरकवला. मग नकाशा,
झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढावं
इतक्या हळू, स्वतःकडे ओढत नेला,
बोटाखाली झरा येईपर्यंत.
‘इथे ना, आजोबा?’
‘मग मी काय म्हणतोय?’

नंतर तो मैल, चढ, उंचीचे आकडे
स्वतःशीच पुटपुटल्यासारखे वाचत राहिला, मोठ्यानं.
कड्यांचं नाव त्यानं काढलं नाही.
मीही नाही.

शुक्रवारी सामान भरलं.
शिकारीचे दिवस, म्हणून तिघांना भडक नारिंगी जाकिटं.
अस्वलापासून शिधा उंच टांगायला दोरी.
भांडं कुणी घ्यायचं यावरून नेहमीचा वाद.
आर्वोनं दोरीला गाठी मारल्या,
हातांकडे न बघता, खिडकीबाहेर बघत.
वर्षभर मी याचंच कौतुक करत होते.

पुढे कोण चालणार, हा प्रश्नच नव्हता.
ती वाट त्याला तोंडपाठ नाही, पायपाठ आहे.
दर मुळाला त्याचा बूट ओळखतो,
कुठे वाकायचं ते पाठीला माहीत आहे.
फक्त पुलाचं सांगायचं राहिलंय.
‘ते मी बघतो,’ एमेट म्हणाला,
टॉर्चच्या जास्तीच्या बॅटऱ्या
आपल्या खिशात घालत,
‘तिथे पोचलो की मी आधी बूट काढेन.
मोठ्यानं.’