बहात्तर नंबर

स्टुडिओ म्हणजे साखर पेठेत
पिठाच्या गिरणीवरची खोली.
भिंतींना चादरी ठोकलेल्या, सेकंड माल,
मोराची मान विणताना चुकलेल्या.
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
"आणि बाहेरचा आत येतो त्याचं काय बे?"
महिबूबनं विचारलं.
शेजारच्या कारखान्यातले बारा माग
तेवढ्यात एकदम सुरू झाले.

आम्ही पाच जण. एप्रिल. त्रेचाळीस डिग्री.
पंखा बंद, कारण पंखा माइकमध्ये येतो.
शिवशरण तबल्यावर वाकलेला, नाकावरून घाम
नेमका समेवर टपकणारा.
दिगंबरनं बिडीच्या कागदावर हिशेब मांडलेला:
सात गाणी, पेनड्राइव्ह दोनशेला,
चारशे विकले तर थोरलीची नर्सिंगची फी,
आणि उरलं तर फायनान्सवाल्याचं तोंड
दोन महिने बंद.

अंबादास चिट्याल फेब्रुवारीत गेला.
दिवसा माग, रात्री वरात,
मागाच्या खटखटीत वाढला म्हणून
क्लॅरिनेट नेहमी अर्धा पाऊल पुढं धावायचा.
आम्ही शिव्या द्यायचो, आणि मागनं पळायचो.

मी कीबोर्ड वाजवतो. हे सांगायलाच हवं.
सहा वर्षांपूर्वी हप्त्यावर पेटारा घेतला,
त्यात बहात्तर नंबरला क्लॅरिनेट आहे.
लग्नाचे मालक हिशेबी.
एका माणसात सात वाद्यं येत असतील
तर सात ताटं कशाला वाढायची?
त्याची पहिली सुपारी माझ्याकडं आली त्या रात्री
तो वरातीत होताच.
जनरेटरची गाडी ढकलत होता,
दोनशे रुपये रोजानं.
अशोक चौकात मी बहात्तर दाबलं.
तो मागनं ओरडला, हसत,
"अन्ना, ह्याला श्वास घ्यायला लागत नाही का बे?"

सहावं गाणं त्याचंच, चाल त्याची.
दोन कडव्यांमध्ये सोळा मात्रा
तो एकटा वाजवायचा, कुणालाच शिरू द्यायचा नाही.
एजाज काचेपलीकडून म्हणाला,
"बहात्तर लाव ना. कोण ओळखणार?"
कुणीच माझ्याकडं पाहिलं नाही.
महिबूब तर ढोलकीची दोरी
आवळलेली पुन्हा आवळायला लागला.

मी पट्टीवर बोट ठेवलं.
घाम त्या पट्टीवर पडला, आणि तीन टेक
मी बोट तसंच ठेवून बसलो.
शिवशरण ठेका धरून राहिला, अगदी बारीक,
झोपलेल्या पोराला थोपटतात तसा.
सोळा मात्रा फार मोठ्या असतात.
चादरीतनं माग गळत आले,
गिरणीचा पट्टा, खाली कुणीतरी
ज्वारी बारीक दळ म्हणून ओरडणारी बाई.
एजाजनं हात वर केला, मग खाली केला.
साफ करू का, असं त्यानं नंतर एकदाच विचारलं.

जूनमध्ये विडी घरकुलला गेलो.
रेणुका सुपात पानं कातरत होती.
एकशे बासष्ट विकले, असं दिगंबरनं सांगितलं,
उरलेले जातील असंही सांगितलं,
आणि पाकीट सुपाच्या कडेला ठेवलं.
तिनं ते मोजलं. आमच्यासमोर मोजलं, नीट,
विड्या मोजतात तसं.
मग म्हणाली, लावा, ऐकते.

मोबाइल डब्यात ठेवला, आवाज मोठा व्हावा म्हणून.
पाच गाणी तिची कात्री चालूच होती.
सहाव्यात ती जागा आली.
कात्री थांबली की नाही, मी पाहिलं नाही.
मी दाराबाहेरच्या चपला मोजत होतो.

धाकटी, अकराची असेल, डब्याला कान लावून बसलेली.
तिनं मान वर केली.
"काका, इथं लाईट गेली होती का?"

हो, मी म्हणालो.
इथं लाईट गेली होती.