रकाना क्रमांक नऊ

नववा रकाना विचारतो:
प्रकल्पक्षेत्रात वन्यप्राण्यांचा वावर आहे काय? होय / नाही.
लागू नसेल ते खोडावे.

मी चिंचखेड्याच्या शिवारात उभा,
एका हातात टेप, दुसऱ्यात आराखडा.
मुक्ताईनगराकडून येणारा रस्ता चौपदरी होणार
भोकरी नाल्यावरून, केळीच्या बागा कापत.

सुभान तडवी, वनमजूर, पुढं चालतो.
चिखलावर वाकतो, काच ठेवतो,
स्केचपेननं पंजाची कड गिरवतो,
झोपलेल्या पोराच्या पायाचं माप घ्यावं
नव्या चपलांसाठी, तसं.
"मादी," म्हणतो. "डावा, मागचा."

बांधावर कौतिकबाई भंगाळे. आज घडांची कापणी.
विचारलं, भीती नाही वाटत?
"भाऊ, वैशाखात आमालेबी केयीतच गार वाटतं,
तिले नाही वाटनार?
ठिबकच्या नयीजवय निजते, संगं दोन पिलं.
त्या दिशी आम्ही तिकडल्या चार ओयी सोडून देतो."
मग हाताचा चीक पदराला पुसत तीच म्हणाली,
"पन रस्ता करा बरं.
माही सून याच खड्ड्यात बायतीन झाली,
टेम्पोत, केयीच्या पाल्यावर."

हे कुठल्या रकान्यात लिहू?

वाणी साहेबांचा फोन:
"मोरीचा गाळा दीड मीटरचाच धरा.
पाच धरला की फाइल नागपूरला जाते,
नागपूरहून दिल्लीला,
आणि दिल्लीहून कोणी केळी खायलाही इकडं येत नाही."
हसले. माणूस वाईट नाही.
त्यांच्याच टेबलावर मागच्या वर्षीचे पंचनामे आहेत:
सहा माणसं, दोन नीलगाई, एक तरस.

उन्हं कलल्यावर खुंट्या मोजायला पुन्हा गेलो.
सोळा-शंभरच्या दगडावर सकाळीच मी
पिवळा बाण काढला होता.
सुभाननं हात आडवा धरला. वास घ्या, म्हणाला.
भात.
शिजत्या बासमतीचा वास,
जिथं घरोघर कळण्याची भाकर, त्या शिवारात.
माझ्या बाणावर, अजून ओला,
तिचाही बाण होता.

रात्री विश्रामगृहात 'नाही' खोडलं.
'होय'च्या पुढं जागाच नव्हती.
समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात:
गाळा पाच मीटर, सोळा-शंभरलाच.
कारण: स्थानिक लोक चार ओळी सोडतात.

बाविसाव्या दिवशी फाइल परत आली, शेरा मारून:
'ओळ' हे एकक मान्य नाही. मीटरमध्ये नमूद करावे.

गेलो. कौतिकबाईनं टेपचं दुसरं टोक धरलं.
दोन ओळींत अंतर दीड मीटर,
साहेबांच्या मोरीएवढंच.
चार ओळी, सहा मीटर.
मी पाच लिहिले होते.
खोडून सहा केले, खाली सही केली.