कोपऱ्यातला उंट

वारुझाननं घड्याळ थांबवलं, हात पुढे केला.
मी तो घेतला. आधी घेतला,
मग पट पाहिला.

वानाद्झोरच्या बुद्धिबळगृहात तेव्हा एकच शेगडी होती,
तीही पंचांच्या पायाशी.
आम्ही कोट न काढता खेळायचो.
चाली पेन्सिलीनं लिहायचो, पेनातली शाई आखडायची.
मी एकोणीस वर्षांची. तो पन्नाशी ओलांडलेला,
कारखाना होता तोवर तिथल्या प्रयोगशाळेत कामाला.

माझं प्यादं त्याच्या उंबरठ्यावर पोचलेलं,
वजीर व्हायला एक घर कमी.
ते मी कसं ठेवलं तेही सांगते:
टपाल कचेरीतली बाई शिक्का मारते तसं,
जरा दाबून.
मग खिडकीबाहेर बघत बसले, छपरावरून बर्फ ओढणाऱ्या माणसाकडे.

नाटक नव्हतं ते. मला खरंच वाटलं होतं की संपलं.
आणि त्यानं पट पाहिला तो
माझ्या डोळ्यांनी.

हात हातात असताना दिसला मला
तो उंट.
कोपऱ्यात, आपल्याच घोड्याच्या आड, वीसेक चाली निमूट.
घोडा शह देत उडाला असता
तर उंटाची तिरपी वाट थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत रिकामी,
आणि तिथे माझा वजीर,
प्याद्याच्या पाठीशी मोठ्या ऐटीत.

त्याचा तळहात कोरडा होता, उबदार.
मी एक क्षण जास्त धरला.
एवढंच केलं मी.
नंतर कागदावर सही केली, स्वच्छ अक्षरात.

सम्बात नावाचं पोर, आठ वर्षांचं, नाक गळतंय,
टेबलाशी आलं नि म्हणालं,
"काका, घोडा उचलायचा ना."

वारुझान कोटाची बटणं लावत होता. खालचं एक
वरच्या काजात गेलेलं.
वाकून बघितलं त्यानं. बराच वेळ.
"हा उंट मीच ठेवला होता तिथे," तो म्हणाला,
"अकराव्या चालीला. सुरक्षित राहावा म्हणून."
आणि हसला. जपून ठेवलेली वस्तू नेमकी सापडत नाही
तेव्हा माणूस घरात एकटाच हसतो, तसा.

भरल्या ताटावरून उठला, लोक म्हणाले.
घाबरट, म्हणाले. म्हातारा झाला.
मला आठवतं ते वेगळंच:
त्या वर्षी त्यानं कारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या,
भावाला रशियाच्या गाडीत बसवून दिलं होतं,
पियानो विकला होता, जिन्यावरून उतरवताना
स्वतःच एक बाजू धरून.
देण्याचा सराव झालेला हात.
मी फक्त प्यादं जरा दाबून ठेवलं.

आता मी शाळेत शिकवते. दर हिवाळ्यात
भिंतीवरच्या पटावर ती जागा मांडते.
पांढऱ्यानं काय करावं?
पाच मिनिटांत कुणीतरी घोडा उचलतंच.

मग विचारते,
पांढऱ्याचा हात तुमच्या हातात आहे,
उंट तुम्हाला दिसलाय.
काळ्यानं काय करावं?

पोरं एकमेकांकडे बघतात. कुणी पेन्सिल चावतं.
अजून कुणी हात वर केलेला नाही.
मीही नाही.