आपण, आम्ही

आंदाहुआयलासच्या रविवारच्या बाजारात
उमेदवार जीपच्या टपावर चढून केचुआत बोलला.
अडखळत, पण ‘आपण’ म्हणाला,
ऐकणाऱ्यालाही पोटात घेणारं ‘आपण’.
आमचं दुःख नव्हे,
आपलं.
बटाटे तोलता तोलता एउलोखियाचा हात थांबला.
आपल्यातलाच दिसतो, ती शेजारणीला म्हणाली,
आणि गिऱ्हाइकाला दोन बटाटे जास्त गेले.

पावणेदोन वर्षांनी रेडिओवर तोच आवाज,
आता अस्खलित:
‘नदीचं पाणी खाणीला द्यायचं
आम्ही ठरवलंय.’

बातमी संपून गाणं लागलं
तरी ती त्या एकाच शब्दापाशी,
दार लावून घेतलेल्या घराबाहेर
उभी असल्यासारखी.

नातू म्हणाला, काही म्हण, माणूस चांगला आहे.
‘आहे,’
कोरडी बादली पालथी घालत ती म्हणाली,
‘आहे म्हणे.’