जाळ्याचा वाटा

चौकट रिकामी आहे.
वर लिहिलंय : तुमच्या इच्छेनुसार.
इच्छा, हे काय माप झालं?
इथे दांडीच्या किनाऱ्यावर बर्फसुद्धा लादीने मिळतो,
आणि इच्छेचंच विचाराल तर
विजेचं बिल भरताना ती मला कधी झालेली नाही.

शटर अर्धं ओढून बसलेय.
बाहेर जाळी वाळतायत, वास आत येतोय.
सात वर्षं झाली, या फुकटच्या सॉफ्टवेअरवर
रापणीचा हिशेब लिहिते,
होड्यांच्या परवान्याचे अर्ज, बर्फाची बिलं,
इनास फर्नांडिसच्या मुलीची लग्नपत्रिका
(दोनदा, तारीख बदलली म्हणून).
कुणी पैसा मागितला नाही.
मागितला असता तर घासाघीस तरी करता आली असती.

आधी एकशे एक टाकले.
सवयीने. गणपतीच्या वर्गणीला तेवढेच देतो.
मग वरचा एक रुपया बघून हसू आलं,
तिकडे कुठल्या थंड गावात
त्याला काय शकुन म्हणणार आहेत?
खोडलं. पाचशे.
पाचशे म्हणजे अर्ध्याहून जास्त सिलिंडर. खोडलं.
एकावन्न.
एकावन्न लिहिल्यावर मात्र लाज वाटली,
पाहुण्याच्या ताटात
बांगड्याची नुसती शेपटी वाढल्यासारखी.

लाज खरं तर एका अक्षराची आहे.
पूर्वी 'किनाऱ्यावर' लिहिलं की
ऱ्य फुटायचा.
र एकीकडे, या दुसरीकडे,
मधे मोडक्या पायासारखी एक रेघ.
आमच्या निम्म्या कागदांत किनारा येतो.
वर्षभर मी तो पेनाने जोडत होते,
सरकारी अर्जांवरसुद्धा.
मग एका सकाळी, नवी आवृत्ती उतरवून घेतल्यावर,
अक्षर धड.
कुणीतरी जागलं होतं त्यासाठी,
ज्याने हा किनारा पाहिलेला नाही,
ज्याला तो शब्द वाचताही येत नसेल कदाचित.
नाव शोधलं तर तीन इंग्रजी अक्षरं सापडली
आणि शेजारी एवढंच, की आता बरं दिसतंय.

संध्याकाळी वाळूवर वाटे पडत होते.
पेडवेच सगळे, चारपाच बांगडे,
एक खेकडा, जो कुणालाच नको होता.
दोरीला हात लावला त्याला एक वाटा.
दप्तरासकट धावत आलेल्या पोराला अर्धा.
लाडूबायचा घोव दर्यात गेला त्याला नऊ वर्षं झाली,
तिचा वाटा अजून पडतो,
ती आली नाही तरी.

मी म्हटलं, गुणाजीकाका, एक माणूस आहे. लांबचा.
आपला हिशेब त्याच्या जिवावर चालतो.
काकांनी मान वर केली नाही.
"तेना दोरयेक हात लायलो?"
नाही.
"जाळा तेना इणला?"
तसंच काहीसं. थोडं त्याने,
थोडं आणखी शे-दीडशे जणांनी. एकमेकांना न बघता.
"मगे माका इचारतंस कित्याक? जाळ्याचो वाटो काढ."
किती?
"आज जितको पडलो तितको."

पेडव्याला भाव नव्हता.
वाटा पडला एकशे सदतीस रुपये.
रापणीतून नको, माझ्यातून देते, म्हटलं,
आणि रात्री चौकटीत तेच लिहिलं, १३७.
बँकेने परदेशी म्हणून वर काही कापले.
संदेशाच्या जागी काय लिहावं कळेना,
'किनाऱ्यावरून' लिहिलं.
बराच वेळ ऱ्यकडे बघत बसले.

वहीत लाडूबायच्या खाली एक ओळ वाढवली आहे :
जाळं विणणारे.

आज रापण रिकामी आली.
नुसता जेलीफिशचा चिखल, आणि दोघांचे हात सुजले.
सगळ्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं.
त्यांच्याही.