पाच सेकंद मागे

साखर पेठेतल्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर
मी फक्त एवढ्यासाठी ठेवलाय
की त्याच्या पाठीला अजून फायरवायरचं भोक आहे.
बाकी त्याला काही येत नाही.
मार्च उजाडला की झाकण काढून
आतल्या पंख्याला बाहेरचा पंखा लावून द्यायचा.

अनसूयाबाई चिल्का भर दुपारी आल्या.
पिशवीतून शेंगाचटणीची बरणी काढली,
बरणीत कापूस, कापसात कॅसेट,
काडेपेटीहून जरा मोठी, चटणीचा वास लागलेली.
"मालकांनी पत्ते दाखवलेत यात," म्हणाल्या,
"मोराच्या चादरीचे.
खरे पत्ते उंदरांनी खाल्ले."

कॅमेरा माझाच, लग्नांत झिजलेला.
केबल जोडली, प्रोग्रॅम उघडला.
डिव्हाइस कंट्रोल. स्टेटस तपासा.
ऑफलाइन.
कंपनी निवडली; मॉडेल यादीत नव्हतंच,
मग 'स्टँडर्ड' निवडलं,
ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही त्याच्यासाठीचं नाव.
ऑफलाइन.
पाल आहे का बघितलं, पालच होतं.
केबल काढली, फुंकली, पुन्हा खुपसली.
चहा आला, निवला, त्यावर साय धरली.
तेव्हा कुठे दिसलं,
खटका 'कॅमेरा'वरच राहिलाय.
तो बिचारा बघायला बसला होता
आणि मी त्याला दाखव म्हणत होतो.

खटका खाली ओढला.
ऑनलाइन.

मी स्क्रीनवरचं बटण दाबलं
आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला
कॅमेऱ्याच्या पोटात टेप आपोआप फिरली.
वाटलं, बाई दचकतील.
"जॅकार्डच की हे," त्या म्हणाल्या.
"भोक असलं की दोरा उचलायचा,
नसलं की नाही.
मागाला काय माहीत वर मोर होतोय ते?"

इन पॉइंट द्यावा,
तर टेप आधी पाच सेकंद मागे जाते.
वेग धरायला तिला तेवढी जागा लागते.
बाई दर वेळी विचारायच्या,
"पुढचं पाहिजे ना? मग?"

पडद्यावर माणूस नव्हता.
दोन अंगठे, मध्ये पुठ्ठ्याचा पत्ता,
पत्त्याच्या भोकांतून येणारा शेडचा उजेड,
आणि मागांच्या खडखडाटावर चढवलेला आवाज:
ओकटी. रेंडु. मूडु.
बाई वहीत टिंबं काढत होत्या.
मी एकेक फ्रेम सरकवत होतो,
सेकंदाला पंचवीस.
बोलायला दोघांनाही फुरसत नव्हती.

रेंडु वंदल पन्नेंडु, दोनशे बारा,
आणि पडदा निळा.
तिथं कॅमेरा बंद करून ठेवलेला, कोरी टेप गेलेली,
पुढचा टाइमकोड पुन्हा शून्यापासून.
प्रोग्रॅम गांगरला.
शून्य शोधत पार सुरुवातीला गेला:
ओकटी.
मी पुढं आणला. तो मागं गेला.
ओकटी.
तिसऱ्यांदा बाई पडद्याकडे बघून
तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मला कळलं नाही,
मला म्हटलेलं नव्हतंही.

शेवटी कंट्रोलच काढून टाकला.
एक बोट कॅमेऱ्यावर, एक माउसवर,
दोन्ही एकदम.
निळं, निळं, निळं,
मग अंगठे, मग आवाज:
रेंडु वंदल पद्नालुगु.

"तेरावा राहिला," मी म्हणालो.
बाईंनी माझं बिलबुक ओढलं,
मागच्या कोऱ्या पानावर
न थांबता चार ओळी टिंबं काढली,
कुठं भोक, कुठं भरीव.
"इथं मान वळती मोराची.
त्यांचा पत्ता चुकला होता. हा मी पाडलेला."
पेनला टोपण लावलं.
"म्हणून दाखवला नसंल."

मी विचारलं, फोटो काढून मध्ये जोडू का,
दोन मिनिटांचं काम आहे.
टेबलफॅननं बिलबुकाचं पान उचललं, पाडलं, उचललं.
"नको," म्हणाल्या,
"तेवढं निळं राहू दे.
माग चालवणाऱ्याला मी तोंडी सांगीन."

पान फाडून घेतलं,
घडी घालून बरणीत टाकलं.
कॅसेट ठेवायला मात्र विसरल्या.