पत्र्याचे आकडे

मी एलादिओ. नदीकाठच्या या मैदानावर
सव्वीस वर्षं गुणफलकाचा मालक.
गोल झाला की शिडी चढायची,
खिळ्यावरचा शून्य काढून एक टांगायचा.
त्याआधी, कारखाना चालू होता तोवर,
बैलांची सोललेली धडं तोलायचो.
म्हणजे जन्मभर आकडेच.
आधी किलो, मग गोल.

या मार्चमध्ये नेलिदा बेन्तान्कोर आली.
गुडघ्यावर टाक्यांचा लांब व्रण,
गळ्यात शिटी, पण ती वाजवायची नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाली, पत्रे देता का जरा?
मला वाटलं, रंग देणार असेल.
तिनं शून्य ते नऊ सगळे उचलले
आणि नीलगिरीच्या पाचोळ्यात
वेडेवाकडे पसरून टाकले.
सात-आठ वर्षांची पोरं समोर उभी.
यांच्यामधून चेंडू न्या, म्हणाली,
डाव्या पायानं. घाई नको.

मी रिकामा फलक बघत राहिलो.
दहा-बारा गंजके खिळे नुसते.

कुंपणापलीकडून ब्रायानचा बाप ओरडला,
बगलेत थर्मास, हातात येर्बाचा तुंबा:
शनिवारी सहा गोल खाल्ले,
आणि तुम्ही पोरांना लंगडी शिकवताय?
नेलिदा त्याच्याजवळ गेली, हळूच म्हणाली,
शनिवारी तुमच्या पोरानं पास द्यायच्या आधी
दोनदा मान वर केली.
याआधी कधी केली होती?
तो गप्प.
त्यानं पोराची मान कधी बघितलीच नव्हती.
मीसुद्धा नाही,
आणि मी तर शिडीवर होतो.

मग तिनं मला चौकोनी वही दिली.
गोल नका लिहू, म्हणाली.
डावा पाय किती वेळा, ते लिहा.
मान वर किती वेळा.
आणि चेंडू गमावल्यावर
कोणी पुन्हा मागितला, त्याचं नाव.
हे शेवटचं अवघड. त्यासाठी ओठ वाचावे लागतात.

मिलाग्रोस नावाची एक पोर आहे.
चेंडू आला की तापल्या तव्याला हात लागावा
तशी झटकून टाकायची, कुठंही.
नेलिदा तिच्यामागे उभी राहून
एकच विचारायची:
येतोय. मग तू कुठं जाणार?
एप्रिल गेला, मे गेला. उत्तर नाही.
वहीत तिच्या नावापुढं नुसती पांढरी चौकट.

खोटं कशाला बोलू,
मी खिशात खडे ठेवतो.
त्यांचे गोल उजव्या, आपले डाव्या.
जित्याची खोड.

काल थंडी अशी की पोरांच्या तोंडातून वाफा.
चेंडू आला. मिलाग्रोसनं मान वर केली,
तळव्याखाली धरला,
आणि धावून आलेल्या दोन पोरांकडे पाठ करून
दारातून बाहेर पडावं तशी वळली.
पास दिला, तिथं कोणीच नव्हतं.
उलिसेस बुटाची नाडी बांधत बसला होता.
चेंडू उतारावरून थेट नदीकडं.
बाप लोक हसले.
नेलिदानं शिटी वाजवली. वर्षात पहिल्यांदा,
कशासाठी, ते कोणालाच कळलं नाही.
मिलाग्रोस चेंडू आणायला पळाली
आणि पळता पळता उलिसेसला झापत होती.

रात्री बहीण विचारते, कोण जिंकलं?
उजव्या खिशात चार खडे, डाव्यात एक.
सांगितलं तिला, लपवायचं काय त्यात.
पण थांब, म्हटलं, हे बघ,
आणि एक कांदा फरशीवर ठेवला,
चपलेच्या तळव्याखाली धरला,
ओफेलिया, तू ते दोन पोरगे, ये अंगावर,
आणि वळलो.
गुडघा कडकन वाजला.
कांदा कपाटाखाली गेला.
ती म्हणाली, मान वर नव्हती तुझी.